गप्प बसणारं वजन

"सुनेक घेवया. बोलणा नाय, हलणा नाय. पंचेचाळीस किलो आयतां नीरम!"

असं भाई पडवीत बसून म्हणाले आणि त्यांचा होडीतला सोबती भिकाजी खो खो हसला. हे वाक्य सुनेच्या कानावर जाऊ नये म्हणून भाईंनी आवाज खाली आणला होता. पण भाईंनी तीस वर्षं एसटी चालवली. इंजिनावर मात करून बोलायची सवय लागलेला माणूस कुजबुजला, तरी शेजारच्या दोन घरांना बातमी कळते. फळ्यांच्या भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात, सून नारळ खवत होती. खवणीचा आवाज थांबला. तीन श्वास गेले. मग तो पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

मला हे सगळं ऐकू आलं, कारण त्याच भिंतीच्या खिळ्याला मी लटकले होते. मी एक गोणी बोलतेय. साधी तागाची, पंचवीस किलो तांदूळ मावतील एवढी. मालवणजवळच्या या घरात पडवीतलं आणि स्वयंपाकघरातलं, दोन्हीकडचं ऐकणाऱ्या आम्ही दोघीच. एक मी आणि दुसरी ती, सारिका.

नीरम म्हणजे होडी उलटू नये म्हणून तिच्या तळाशी ठेवतात ते वजन. दगड चालतात, वाळूच्या पिशव्या चालतात. नीरम लागतं सगळ्यांना, पण त्याचं मत कुणी विचारत नाही. पुढे मला स्वतःलाच नीरम व्हायचं होतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तरी ते वाक्य मला लागलं. सारिकाला किती लागलं ते तिने सांगितलं नाही. ती सांगत नाहीच.

तिला मी लहानपणापासून ओळखते. माझा ताग कुठल्या शेतातला, विणलं कुणी, ते मला आठवत नाही. मला आठवतो सावंतवाडीचा बाजार आणि तिच्या आईचे, राधाबाईंचे हात. त्यांनी मला दोन्ही टोकांनी ताणून उजेडाकडे धरलं, "भोकां नायत मा?" असं दुकानदाराला विचारलं आणि त्याच्या उत्तरावर विश्वास न ठेवता स्वतः मोजून पाहिलं.

तिथून मी आंबोलीला गेले. भात भरायला घेतलेल्या गोणीला आंबोलीत पावसाचे चार महिने वेगळंच काम असतं. एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की डोक्यावरून पाठीवर सोडायची खोळ होते. राधाबाई मला पांघरून लावणीला जात. सुट्टीच्या दिवशी त्यांच्यामागून सारिका यायची, तेव्हा मी तिच्या डोक्यावर. संध्याकाळी चुलीवरच्या दोरीवर वाळायचं, सकाळी पुन्हा भिजायचं. त्या पावसात बोललेलं समोरच्याला ऐकू जात नाही. म्हणून माणसं हाताने खूण करतात, नजरेने विचारतात, आणि जरुरीपुरतं बोलतात. सारिका तशी झाली. भाई इंजिनामुळे मोठ्याने बोलायला शिकले, ती पावसामुळे गप्प राहायला. दोघांचाही दोष नाही.

गेल्या मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. राधाबाईंनी मला नव्या तांदळाने भरलं, दाभणाने माझं तोंड शिवलं आणि टेम्पोत तिच्या ट्रंकेशेजारी ठेवलं. घाट उतरताना ती एका हाताने मला धरून बसली होती. मी पडेन म्हणून धरलं होतं, असं सगळ्यांना वाटलं.

सासर चांगलं निघालं. नवरा सर्वेश शाळेत विज्ञान शिकवतो. सासूबाई सुशीलाबाई बोलक्या, खायला घालणाऱ्या. भाई जुन्या वळणाचे. सुनेशी थेट बोलायचं नाही, हा त्यांचा तिला मान देण्याचा प्रकार. सून हातभर अंतरावर उभी असली तरी ते बायकोला सांगत, "सुशीला, तिका सांग, चायत साखर जास्ती पडली." सारिका सासूला म्हणे, "आई, भाईंका सांगा, उद्या कमी घालीन." सुशीलाबाई मान इकडून तिकडे वळवत आणि वैतागत. "मी काय पोस्टमन आसंय? ती हयच आसा, तुमी हयच आसात!"

पौष संपेपर्यंत माझ्यातला तांदूळ संपला. "गोणी बरी आसा, टाकू नको," असं म्हणून सुशीलाबाईंनी मला धुऊन खिळ्याला अडकवलं. रिकाम्या गोणीला बघण्याशिवाय उद्योग नसतो. मी सारिकाला बघत बसे.

सकाळी आठला ती अंगणात कपडे वाळत घालायची. त्या वेळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. इथे त्याला मतलई म्हणतात. सगळे कपडे समुद्राकडे हात करत. साडेदहाच्या सुमारास ते एकाएकी मलूल होऊन सरळ खाली लोंबत. तेव्हा ती आत येऊन जेवणाचा नारळ खवायला बसे. नारळाच्या दोन्ही कवड्या खवून झाल्या की उठायची आणि धावत बाहेर जायची, कारण तेवढ्यात समुद्राकडून खारा वारा आलेला असे, कपडे उलटे फिरून घराकडे हात करत, आणि भाईंची लुंगी हमखास मातीत पडे. पहिल्या आठवड्यात लुंगी तीनदा पडली. मग नारळ संपायच्या आत जाऊन ती लुंगीला दोन चिमटे जास्त लावून येऊ लागली. याबद्दल ती कुणाशी बोलली नाही. लुंगी पडायची बंद झाली एवढंच घराला कळलं, आणि तेही बहुतेक कळलं नाही.

आता शर्यतीबद्दल सांगते. होळीच्या आधीच्या रविवारी आमच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्यांची शर्यत असते. किनाऱ्यावरून निघायचं, खडकापलीकडे पाण्यात नांगरलेल्या लाल पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. होडीत निदान चार माणसं हवीत. निघताना जेवढी, येताना तेवढी. नीरम मात्र वाटेत टाकलं तरी चालतं.

भाईंच्या होडीचं नाव 'सुशीला'. सुशीलाबाई तिच्यात कधी चढलेल्या नाहीत. "नाव माजां आणि लाड तिचे," एवढंच म्हणतात. या होडीतल्या कुणाचंच पोट समुद्रावर नाही. भाईंचं पेन्शनीवर, सर्वेशचं शाळेवर, भिकाजीचं सायकलींच्या पंक्चरवर. मासे धरणाऱ्या खऱ्या होड्यांना केव्हाच इंजिनं लागली. शीड लावून जाणं आता कुणाच्या गरजेचं उरलेलं नाही, आणि म्हणूनच ही माणसं ते इतकं जीव लावून करत असावीत. गरजेचं काम माणूस घड्याळ बघत करतो. हे काम करताना भाई चहाची वेळसुद्धा विसरत.

चौथा माणूस भाईंचा पुतण्या विनीत होता. त्याला पुण्यात नोकरी लागली. चौथ्याशिवाय होडी शर्यतीत घेत नाहीत. म्हणून पडवीत ती चर्चा झाली आणि ते पंचेचाळीस किलोंचं वाक्य बोललं गेलं.

त्या संध्याकाळी सर्वेशने सारिकाला विचारलं, "येशील? भीती वाटत असली तर नको."

"येते," ती म्हणाली.

"तुला पाण्याची सवय नाही म्हणून..."

"आंबोलीची आहे मी," ती म्हणाली. "पाणी वरून पडतं की खालून लागतं, एवढाच फरक."

तो हसला. आपण नुसतं वजन म्हणून निवडले गेलोय, हे तिला ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाळू भरायचं काम निघालं. खताच्या तीन प्लास्टिकच्या पिशव्या मिळाल्या, चौथी मी. तांदळाची सवय असलेल्या अंगाला वाळू फार थंड लागते. सुशीलाबाईंकडे काजू तोलायचा काटा आहे, त्यावर भिकाजीने आम्हांला एकेक करून ठेवलं. मी तीस भरले. सारिकाने दाभण घेतलं आणि माझं तोंड शिवलं, आईसारखंच, दुहेरी टाक्याने. पुरुष बाकीच्या पिशव्या उचलून गेले तेव्हा तिने इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच स्वतः काट्यावर उभी राहिली. काट्याने बावन्न दाखवले. ती उतरली, ओढणी सारखी केली आणि आत निघून गेली.

पुढचे चार रविवार सराव झाला. पहिल्या दिवशी सुशीलाबाई किनाऱ्यापर्यंत आल्या, सुनेच्या नारिंगी जॅकेटचे बंद त्यांनी स्वतः आवळले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "माज्या सुनेक बुडवल्यात तर घरात येव नकात. जेवाण दारात ठेवतलंय."

पहिल्या दिवशी सारिकाला उलटी झाली. दोनदा. दुसऱ्यांदा माझ्यावर. तिने समुद्राच्या पाण्याने मला पुसलं आणि कुणी बघितलं का ते पाहिलं. सगळ्यांनी बघितलं होतं. सगळे दुसरीकडे बघत होते. होडीतला तो चांगुलपणा मला पहिल्याच दिवशी कळला.

तिचं काम सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं. होडी वळली की शीड एका अंगाचं दुसऱ्या अंगाला जातं आणि वाऱ्याने एक काठ वर उठतो. त्या उठलेल्या काठाकडे वजन न्यायचं. आम्हा चार पिशव्यांना ओढत तिकडे न्यायचं आणि मग आमच्यावर बसायचं. पुढच्या वळणावर पुन्हा उलट.

पण हुकूम यायचा कसा? भाई सुकाणूवरून ओरडत, "सर्वेश, तिका सांग, पिशये डाव्या अंगाक!" सर्वेशच्या दोन्ही हातांत शिडाचा दोर. तो मान वळवून म्हणे, "सारिका, भाई सांगतायत, पिशव्या डावीकडे." तोवर होडी वळलेली असे, काठ पाण्याला लागलेला असे आणि भिकाजीच्या मांडीवर बादलीभर समुद्र बसलेला असे.

"भाई, सरळ वयनीक सांगा मरे!" भिकाजी ओरडला. "हातभर लांब आसा ती. पोस्टान पाठवतास कित्याक?"

"शिरा पडली तुज्या तोंडार," भाई म्हणाले. "पाणी उपस."

गेल्या वर्षी नऊ होड्यांत आमची नववी आली होती. या पोस्टामुळे यंदाही तेच होणार असं दिसत होतं.

तिसऱ्या रविवारी सारिकाने एक गोष्ट हेरली. होडी वळवायच्या आधी भाईंचा डावा पाय आपोआप फळीवर दाबला जाई. तीस वर्षं क्लच दाबलेला पाय तो! वळण आलं की दाबणारच. ती भाईंच्या तोंडाकडे बघायची थांबली आणि पायाकडे बघू लागली. पाय दाबला गेला की उठायचं. सर्वेशने निरोप सांगायला तोंड उघडेपर्यंत आम्ही पलीकडच्या काठाला पोचलेल्या असू. भाई खूश झाले. भिकाजीला म्हणाले, "सर्वेश बरो सुधारलो हां. आता लगेच सांगता."

सारिकाने मान खाली घातली. मी तिच्या खाली होते म्हणून मला दिसलं. ती हसत होती.

त्या दिवसापासून तिला गोडी लागली. ती गोडी कशाची होती ते मी अनेकदा आठवून पाहते. पाय दाबला जातो, चौघं एकदम हलतात, शीड फडफडतं, क्षणभर सगळं सैल पडतं, आणि मग वारा शिडात भरतो तेव्हा होडी खालून कुणी हात दिल्यासारखी उचलली जाते. तळाखालचं पाणी आपटायचं थांबून सरसर वाहायला लागतं. त्या वेळी चौघंही गप्प होतात आणि चौघंही कारण नसताना हसतात. घरी कुणी सासरा असतो, कुणी सून. होडीत तेवढ्यापुरते फक्त आठ हात असतात. घरात आपण बरोबर केलं की नाही ते सारिकाला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागे. इथे होडी लगेच सांगे. परत आल्यावर ती स्वतःचे तळहात नाकाशी नेऊन वास घ्यायची. ओला दोर, मीठ आणि जरासा माझा ताग.

शर्यतीच्या दिवशी हवा धुरकट होती. सकाळी नऊला झेंडा पडला आणि मतलईने नऊही होड्यांना पाठीमागून ढकललं. आम्ही पाचव्या होतो. लाल पिंपाला वळसा घातला तेव्हाही पाचव्याच, आणि भाईंनी इतक्या वर्षांत हे कधी पाहिलं नव्हतं. मी शर्यतीतल्या माणसाला आनंदाने घाबरलेलं प्रथमच पाहिलं.

आणि पिंप ओलांडल्यावर वारा पडला.

शीड लुगड्यासारखं लोंबायला लागलं. समुद्र तेलासारखा झाला. किनाऱ्यावरच्या लाउडस्पीकरचा आवाज स्पष्ट यायला लागला, पण किनारा जवळ येईना.

"गेलो मतलय," भिकाजी म्हणाला.

पुढच्या होडीतून वाळू पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग तिच्यापुढच्या. होडी हलकी झाली की नुसत्या झुळकेवरही सरकते. त्या दोन्ही होड्या हळूहळू सरकू लागल्या. मागची एक होडी वाळू टाकून आमच्या बाजूने पुढे गेली. जाताना तिच्यातला एकजण म्हणाला, "काय भाई, वस्तीची गाडी काय ही? हलके व्हया! घराक जेवाक जावचां नाय?"

खारा वारा येणार हे भाईंना का ठाऊक नव्हतं? पण तो किती वेळात येणार? तीस वर्षं साडेदहाच्या सुमाराला भाई एसटीत होते, कुठल्या तरी घाटात. रविवारी सुट्टी मिळाली तर झोपलेले. आणि शर्यतीत माणसाला पाच मिनिटंही तासासारखी वाटतात.

"आज धूर आसा, वारो दुपारशिवाय येवचो नाय," भाई म्हणाले. "भिकाजी, वाळू टाक. सगळी."

भिकाजीने सुरी काढली. पहिली प्लास्टिकची पिशवी फाडली आणि ओतली. तिच्यातून जे काही गेलं त्याचा आवाज मी अजून विसरलेले नाही. मग तो माझ्याकडे वळला. माझ्यावर सारिका बसली होती.

"वयनी, जरा उठा."

ती उठली नाही. ती भिकाजीकडे बघतही नव्हती. तिचा उजवा हात मांडीवर हलत होता, पुढे मागे, पुढे मागे, जरासा गोल. तो हात मी रोज सकाळी पाहिला होता. समुद्राच्या मधोमध बसून ती नारळ खवत होती.

"सर्वेश, तिका सांग, ऊठ म्हणान," भाई म्हणाले.

"सारिका, ऊठ ना," सर्वेश म्हणाला. "भाई सांगतायत."

तिचा डावा हात माझ्या शिवलेल्या तोंडावर येऊन घट्ट बसला. आईच्या पद्धतीचे तिचे टाके, आणि पुढे सुरी. मी वाचावं असं मला वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पण तिला फक्त मला वाचवायचं नव्हतं.

"भाई, नको," ती म्हणाली.

सर्वेशला नाही. सरळ भाईंना. भिकाजीची सुरी हवेत राहिली.

"वारो येता. अजून अर्दो नारळ रवलो."

"नारळ?" भाई म्हणाले. "खंयचो नारळ?" सुनेशी थेट बोललेले हे त्यांचे पहिले शब्द. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच सुकाणूकडे पाहिलं.

"वारो पडल्यापासून नवो वारो येयसर एक नारळ खवान होता," ती म्हणाली. "रोज बघतंय. धूर असलो तरी येता. तुमची लुंगी दोरयेवर उलटी फिरता, तेच्या आत मी चिमटे लावतंय."

कुणी हसलं नाही. पुढच्या होड्या आणखी दोन हात सरकल्या. भाईंनी समुद्राकडे पाहिलं. तिथे धुरकटाशिवाय काही नव्हतं. ऐकावं तर शर्यत जायची, न ऐकावं तर... न ऐकावं तर काय, ते त्यांना तरी कुठे नीट माहीत होतं? त्यांनी सुनेच्या मांडीवर हलणाऱ्या हाताकडे पाहिलं.

"ठेव ती पिशी," ते भिकाजीला म्हणाले.

मग आम्ही थांबलो. ते थांबणं फार लांब होतं. सर्वेश शिडाकडे बघत होता, भिकाजी पायाच्या अंगठ्याकडे. सारिकाचा हात चालू होता. एकदा तो थांबला, तिने मनातल्या मनात कवड फिरवून धरली असावी, आणि पुन्हा सुरू झाला.

आधी माझ्या धाग्यांना कळलं. ओल्या तागाला वारा माणसांआधी लागतो. मग लांब पाण्यावर एक काळसर पट्टा उमटला. मग शीड एकदा कण्हलं आणि फुगलं.

"इलो!" भिकाजी किंचाळला.

तो आला तो खडकावरून वळून आडवा आला, आमच्या उजव्या अंगावर. ज्यांनी वाळू टाकली होती त्यांच्या होड्या पार कलल्या. त्यांना शिडं ढिली सोडून हळू यावं लागलं. आमच्या तळाशी तीन पिशव्या शाबूत होत्या. भाईंचा पाय दाबला गेला, सारिका मला घेऊन वरच्या काठाकडे सरकली, आणि तरी होडी कलत होती, तेव्हा भाई सगळे रिवाज विसरून ओरडले, "सारिका! अजून वर! वर सर गो!"

ती इतकी वर सरली की तिची पाठ पाण्यावर होती. सर्वेशने एका हाताने दोर धरला होता, दुसऱ्याने तिचं जॅकेट. मग दोर जड झाला तेव्हा तिनेच तो त्याच्याबरोबर धरला. समुद्र तोंडावर उडत होता आणि ती मोठ्याने हसत होती. त्या घरात आल्यापासून तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

नंबर चौथा आला. बक्षीस तिघांनाच होतं. पण भिकाजी वाळूवर उडी मारून लाउडस्पीकरवाल्याला सांगत सुटला, "चवथो! गेल्या वर्साक शेवटसून पयलो होतो!" सुशीलाबाईंनी सुनेचे केस पुसले आणि म्हणाल्या, "बाय माजी, भिजान कोंबडी झालंस." मग सोलकढी झाली, माशाची आमटी झाली, आणि प्रत्येकाने ती शर्यत तीनतीनदा सांगितली. भाईंनीही सांगितली. त्यांच्या सांगण्यात वारा आपोआप आला होता. नारळाचा उल्लेख नव्हता.

सोमवारी सकाळी भाई म्हणाले, "सुशीला, तिका सांग, चाय बरी झाली."

होडीत बोललेलं होडीतच राहतं, असं मला तेव्हा वाटलं.

आता मी पुन्हा खिळ्याला आहे. माझ्यातली वाळू अंगणात ओतली, मला दोनदा धुतलं, तरी थोडं मीठ विणीत राहिलंच. पावसाळी हवेत मी ओलसर होते आणि अंगभर खारट आठवणी येतात. एका कोपऱ्याला उंदराने चव घेतली होती, तिथे सारिकाने ठिगळ लावलं. मागच्या आठवड्यात मला पायपुसणं करायचं बोलणं निघालं, तेव्हा तिने मला उचलून वरच्या खिळ्याला अडकवलं.

तुमच्याही घरी खिळ्याला अशी एखादी गोणी असेल. तिला रिकामी म्हणून टाकण्याआधी एकदा उजेडाकडे धरून बघा, राधाबाईंसारखं. भोकं मोजा हवं तर. पण तिने डोक्यावर किती पाऊस घेतला आणि पोटात काय काय सांभाळलं, ते तिला विचारल्याशिवाय कळत नाही. एवढंच मागणं आहे.

इथेच मी थांबणार होते. पण काल संध्याकाळी विनीतचा फोन आला. पुढच्या वर्षी तो शर्यतीला रजा काढून येणार आहे. फोन ठेवून भाई भिकाजीशेजारी पडवीत बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, म्हणजे दोन घरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इनीत येता म्हणता. मगे सुनेक कित्याक तरास? घरात बरी ती."

खवणीचा आवाज थांबला. तीन श्वास गेले. मी वाट बघत राहिले, आता पुन्हा सुरू होईल, जरा जोरात.

सुरू झाला नाही. सारिका बाहेर आली. हाताला खोबरं लागलेलं, ओढणी कमरेला खोचलेली. ती सर्वेशकडे वळली नाही, सुशीलाबाईंना हाक मारली नाही. भाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. भाईंचा डावा पाय जमिनीवर दाबला गेला.

"भाई, विनीतभावजींका येवंदेत, त्येंका पाणी उपसूक ठेवया," ती म्हणाली. "दोर मी धरतलंय. आणि पंचेचाळीस न्हय, बावन्न किलो."